कोरं वाचन

१२ जानेवारी, सोमवार

नवी वही आहे, म्हणून पहिल्या पानावर सगळं रीतसर लिहिते, बातम्यांआधी ठळक मुद्दे सांगतात तसं. मी निवृत्त वृत्तनिवेदिका. चौतीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या. आता आठवड्यातून तीन-चार दिवस बोलक्या पुस्तकांच्या संस्थेत जाते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. मानधन नाही, कॉफी मिळते, तीही कोमट.

आज संचालिकाबाईंनी चारशे बारा पानांची कादंबरी हातात ठेवली. परीक्षेला लावली आहे. मुलं मार्चमध्ये बसणार, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ध्वनिमुद्रण तयार हवं. शिवाय सुरुवातीला माझ्याच आवाजात दहा मिनिटांची प्रस्तावना, आणि ती हमखास येणाऱ्या प्रश्नावर: ‘नायकाच्या स्वभावदोषांमुळे त्याची शोकांतिका कशी होते?’

“या वेळी तरी आधी वाचून घ्या,” बाई म्हणाल्या.

मी नुसती हसले. मी आधी वाचत नाही. रेडिओवर एक बातमी तोंडात असताना दुसरा कागद पुढे सरकवायचे, तो डोळ्याखालून न घालता तसाच वाचायचा. त्याला आम्ही कोरं वाचन म्हणायचो. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. इथले बाकीचे वाचक पेन्सिलीच्या खुणा करून करून पुस्तकाची चाळण करतात, आणि मग त्यांच्या आवाजाला पहिल्या पानापासून शेवट माहीत असतो. ऐकणाऱ्याला कुठे माहीत असतो? आणि मला पहिल्या दोन ओळींत माणूस कळतो, कागदावरचा असो की समोरचा.

बाईंना हे पटत नाही. त्यांना बरंच काही पटत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

पहिलं प्रकरण एका दमात. काचेपलीकडच्याने अंगठा वर केला. (हा आमचा ध्वनिमुद्रण करणारा. काचेमागे बसतो आणि दिवसभर मानेनेच बोलतो.)

गोष्ट अशी. नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला आहे आणि त्या दोराला धरून होडी ओढत नेतात. दोन भाऊ मिळून हे काम करतात. थोरला नावाडी हा नायक. एकदा काठावर बरीच माणसं जमलेली असताना धाकटा म्हणतो, “आमच्या दादाची होडी पाण्यावर नाही, रुबाबावर तरंगते.” सगळे हसतात. थोरला एक शब्द बोलत नाही. त्या दिवसापासून अबोला. धाकटा पलीकडच्या काठावर जाऊन राहतो आणि तिकडचा खांब, तिकडचा दोर सांभाळतो. होडी थोरल्याकडे.

चारचौघांत आपल्याच माणसाने आपलं हसं केलं की कसं वाटतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझ्या निरोपसमारंभात ताईने हेच केलं. ऐंशी माणसं होती. आमचे केंद्रप्रमुख माझ्याविषयी इतकं चांगलं बोलले, मग ताईला म्हणाले, बहिणीबद्दल दोन शब्द सांगा. ताई उठली आणि म्हणाली, “हिला लहानपणापासून दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. म्हणून रेडिओत गेली. रेडिओला कुणी उलटून बोलत नाही ना.”

ऐंशीच्या ऐंशी हसले. केंद्रप्रमुखांनी तर डोळे पुसले. त्याला आता चौदा महिने झाले. मी तिच्याशी बोललेले नाही. तिने एकदा ‘माझं चुकलं’ म्हणावं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते काही फार नाही.

नावाड्याला मी माझा खालचा, भारदस्त आवाज दिला आहे. धाकट्याला जरा नाकातला, तिरकस.

१९ जानेवारी, सोमवार

संस्थेतून येऊन चप्पल काढते तोच भाचीचा फोन. ताईची एकुलती एक मुलगी. गुणी आहे, पण आईच्या तालमीत वाढलेली.

“मावशी, तू ये ना एकदा घरी.”

“का गं? काय विशेष?”

“आईला तुझ्याशी बोलायचंय.”

“मग बोल म्हणावं. फोन उचलायला तिचा हात मोडलाय का?”

तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मावशी, कारण विचारू नकोस. नुसती ये.”

मला मध्यस्थ आवडत नाहीत. भांडण तोंडाने केलं, मग समेट निरोपाने का? मी सरळ सांगितलं, “तिला बोलायचं असेल तर तिने स्वतः यावं.” भाची म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. ते ‘बरं’ मला नीट कळलं नाही. त्यात राग असायला हवा होता, तो नव्हता.

२२ जानेवारी, गुरुवार

दुप्पटकाकांचा शेरा आला. शेरा कसला, खटलाच.

काका जन्मापासून अंध आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आता आमची ध्वनिमुद्रणं दुप्पट वेगाने ऐकतात आणि चुका काढतात, म्हणून सगळे त्यांना दुप्पटकाका म्हणतात. वयाने माझ्याएवढेच असतील, तरी मीही काकाच म्हणते.

“बाई, शब्दाची एक चूक नाही,” ते म्हणाले.

“मग झालं तर.”

“माणसाची चूक आहे. नावाडी बोलायला लागला की सत्कारमूर्ती बोलतोय असं वाटतं. आणि धाकटा म्हणजे जणू चोर. अहो, तो चेष्टा करतोय भावाची, मायेने. तुम्ही त्याला पहिल्याच पानावर फासावर चढवलंत.”

“मला पहिल्या दोन ओळींत माणूस कळतो, काका.”

“मला पहिल्या दोन ओळींत फक्त सर्दी कळते. माणूस कळायला वेळ लागतो. तुम्ही त्या नावाड्याचं वकीलपत्र घेतलंय.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे कबूल करते, वही माझीच आहे. वरच्या ऐकायच्या खोलीकडे जाता जाता काका म्हणाले, “आणि एक. धाकट्याचा आवाज बाईमाणसासारखा येतोय. जरा वयस्कर बाई. मुद्दाम केलंय का?”

मी म्हटलं, छे. नंतर काचेपलीकडच्याला सांगून तो तुकडा पुन्हा ऐकला. आला असेल थोडा तसा. का आला ते मला सांगता येणार नाही.

प्रस्तावनेचं पहिलं वाक्य लिहिलं: ‘नायकाचा दोष एवढाच, की तो मानाने जगू पाहतो.’ मोठ्याने वाचलं. कानाला गोड लागलं. पण मग शोकांतिका का व्हावी, याचा मेळ बसेना. खोडलं.

२७ जानेवारी, मंगळवार

ताईने स्वतः निरोप पाठवला. फोनवर, बोलून. नऊ सेकंदांचा.

“मी बोलतेय. जमलं तर ये. एवढंच.”

चौदा महिन्यांनी नऊ सेकंद. मी तो अकरा वेळा ऐकला. हा माझा धंदा आहे, तेव्हा निदान करते. पट्टी खालची. दोन वाक्यांमध्ये मुद्दाम सोडलेल्या लांब जागा. शेवटचा शब्द अर्ध्यावर टाकून दिलेला, जणू माझ्यासाठी पूर्ण शब्द खर्च करणंही जिवावर आलंय. आवाज बसलेला आहे, पण तो तिचा नेहमीच बसलेला असतो. तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गावर ओरडली आहे.

ही उपकार केल्याची पट्टी आहे. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्या नऊ सेकंदांत सहज मावले असते.

तरी आज स्वयंपाकात लक्ष नव्हतं. दूध उतू गेलं. ती ‘ये’ म्हणाली हे खरं आहे. पण ‘जमलं तर’ कशासाठी? बोलवायचं असेल तर माणूस जमलं तर म्हणतो का? मला खरंच कळत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं त्याने डोकं भणभणतंय.

दुपारी कॉफी पिताना विषय निघाला आवाजावरून स्वभाव ओळखण्याचा. मी म्हटलं, चला, हाताच्या काकणाला आरसा कशाला. काचेपलीकडच्याला ताईचा निरोप मोठ्या स्पीकरवर लावायला सांगितला. संचालिकाबाई होत्या, दुप्पटकाका होते. “ऐका, माणूस न रागावता राग कसा पोचवतो,” असं मीच वर सांगितलं.

नऊ सेकंद संपले. काका म्हणाले, “परत लावा.” मग म्हणाले, “परत.” तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

“बाई, हा राग नाही. या जागा सोडलेल्या नाहीत. या बाई प्रत्येक वाक्याआधी आवंढा गिळतायत, आणि गिळताना त्रास होतोय. शेवटी श्वास पुरला नाही. यांनी घसा कुणाला दाखवलाय का?”

“ती शिक्षिका होती, काका. तिचा घसा असाच.”

“एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं लोकांचे घसे ऐकले मी. असाच नसतो. तुम्ही जाऊन या.”

मला इतका राग आला की मी ‘काम आहे’ म्हणून उठले. माझ्या बहिणीचा आवाज मला कळत नाही आणि यांना कळतो? साठ वर्षं ऐकतेय मी तो. उंटावरचे शहाणे. नंतर तीन पानं वाचली आणि तिन्हींत अडखळले. काचेपलीकडचा मान हलवून म्हणाला, राहू द्या आज.

३१ जानेवारी, शनिवार

शेवटी भाचीला फोन केला. ताईला नाही, भाचीला.

“ताईचा घसा बरा आहे ना?”

पुन्हा दार लावल्याचा आवाज आला. मग एकदम वेगळंच म्हणाली, “गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे. गाठ काढायचीय.”

“गाठ? कसली? मोठं काही?”

“मावशी, मला सांगायची बंदी आहे. आई म्हणते, आजारपण दाखवून बहिणीला बोलवायचं नाही. यायचं तर ती तिच्या मनाने येईल. शपथ घातलीय. तू ये, म्हणजे तुझं तुलाच कळेल.”

म्हणजे बघा. कोण कुणापुढे हट्ट करतंय? मोठं असतं तर भाची अशी शांतपणे बोलली असती का? तिचं बोलणं अगदी पाठ केल्यासारखं सरळ होतं. गाठी हजारांना होतात. शेजारच्या शिंप्याची पाठीवरची गाठ अर्ध्या तासात काढली, संध्याकाळी तो मशीनवर होता.

ठरवलं की कादंबरी बुधवारी संपते, मग जायचं. किंवा ऑपरेशननंतर, ती पडून असेल तेव्हा. पडलेल्या माणसाकडे गेलं तर त्याला आपण नमलो असं म्हणता येत नाही. लिहिताना हे वाक्य बरं वाटलं, आता परत वाचताना वाटत नाही. राहू दे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजच्या प्रकरणात एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

पलीकडच्या खांबापाशी दोर कुजायला लागलाय. हे फक्त धाकट्याला दिसतं, कारण तो तिकडे असतो. पण दोर बदलायचा तर दोन्ही काठांवरून एकाच वेळी सोडावा लागतो, एकट्याने होत नाही. म्हणून तो उतारूंकरवी निरोप पाठवतो. एकदा, दोनदा, तीनदा. दादाला सांगा, दोर बदलायला हवा. आणि नावाडी, माझ्या त्या भारदस्त आवाजात, म्हणतो, “त्याला सांगायचं असेल तर त्याने स्वतः यावं.”

वाचलं आणि थांबले. काचेपलीकडच्याने भुवया वर केल्या. हे माझं वाक्य होतं. भाचीला मी बोलले ते, जवळपास शब्दाला शब्द. पंधरा दिवसांपूर्वी. पुस्तक तर आठ वर्षांपूर्वी छापलेलं.

आधी हसू आलं. मग वाटलं, यात चूक काय आहे? नावाड्याच्या जागी कुणीही हेच म्हणेल. मग वाटलं, पण धाकटा येणार कसा? पलीकडून इकडे यायला ती एकच होडी, आणि ती याच्याच ताब्यात. हे नावाड्याला दिसत नाही का? का दिसत नाही? आणि मला वाचताना का नाही दिसलं? मी तर ते वाक्य असं म्हटलं की पुढे टाळ्या पडाव्यात.

शेवटचं प्रकरण उघडून बघावं असं पहिल्यांदाच मनात आलं. बोट पानापर्यंत गेलं होतं. चौतीस वर्षांत जे केलं नाही ते आता एका नावाड्यासाठी करायचं? पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

संपली.

पूर आलाय. उतारू म्हणतात, आज नको. नावाडी म्हणतो, दोर शाबूत आहे, मी दाखवतो. एकटाच होडी घेऊन निघतो. पलीकडे धाकटा कंबरभर पाण्यात उतरून दोन्ही हात हलवतोय, मागे फिर, मागे फिर. आणि नावाडी तोंड फिरवतो. त्याला वाटतं, सगळ्या लोकांसमोर हा परत आपली फजिती करतोय. दोर तुटतो. धाकट्याच्या हातात तुटलेलं टोक राहतं.

शेवटचं पान मला सलग वाचता आलं नाही. दोनदा थांबले, तिसऱ्यांदा कसंबसं झालं. काचेपलीकडच्याने ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा बंद केला आणि पाणी आणून दिलं, तोंडाने म्हणालासुद्धा, “मॅडम, बसा जरा.”

काका वर ऐकत होते, ते काठी टेकत खाली आले. मी त्यांच्यावरच उखडले. म्हटलं, हा काय शेवट झाला? दोर कुजला यात त्याचा काय दोष? चांगला, कष्टाळू, कुणाचं वाईट न केलेला माणूस.

“बाई, दोर कुजला म्हणून नाही मेला तो,” काका म्हणाले. “तीनदा सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून मेला. वाईट नव्हताच. मानी होता, उतावळा होता, आणि एकदा मत केलं की ते बदलायला कमीपणा वाटायचा. एवढंच. आपल्या सगळ्यांत असतं एवढं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला.”

“पण मला तो चांगला वाटला.”

“चांगलाच होता. त्याचंच तर वाईट वाटतं.”

घरी येऊन थेट भाचीला फोन लावला. म्हटलं, मी येते. भाची एकदम रडायलाच लागली. “आत्ता ये, मावशी. आम्ही हॉस्पिटलमध्येच आहोत. आई जागी आहे. तिला तुझ्याशी बोलायचंय, ऑपरेशनच्या आधी.”

“नंतर निवांत बोलता येईल की.”

“आधी ये,” एवढंच म्हणाली.

आरशात बघितलं. डोळे सुजलेले, नाक लाल, आवाज घोगरा. अशी गेले तर ताई म्हणणार, बघा, आली रडत. साडेपाच वाजले होते. मी म्हटलं, “उद्या सकाळी येते गं, नक्की. ऑपरेशन किती वाजता?” अकराला. “दहाच्या आत पोचते.”

मग आठवलं, उद्या सकाळी आठ ते साडेनऊ स्टुडिओ मोकळा आहे आणि शुक्रवारी ध्वनिमुद्रण द्यायचंय. पहिलं प्रकरण मला पुन्हा वाचायला हवं. धाकट्याच्या तोंडी मी जे घातलंय ते तसं राहू देणं पाप आहे. हॉस्पिटल तिथून वीस मिनिटांवर. तेवढं करून, मोकळ्या मनाने ताईकडे जाईन. आज खूप दिवसांनी हलकं वाटतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस वही उघडली नाही. क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

गुरुवारी आठला स्टुडिओत पोचले. नियमाप्रमाणे फोन बंद करून बाहेरच्या खणात ठेवला. धाकट्याचं ते एक वाक्य घेतलं. ‘आमच्या दादाची होडी पाण्यावर नाही, रुबाबावर तरंगते.’ नाकातला आवाज काढून टाकला, तर ते सपाट झालं. जरा हसत म्हटलं, तर छद्मी झालं. काचेपलीकडचा म्हणाला, चांगलं आहे, जाऊ द्या पुढे. पण मला ते बरोबरच हवं होतं. ज्याला दादाचा अभिमान आहे असा भाऊ ते कसं म्हणेल? साडेनऊ वाजले ते मला दिसत होते. म्हटलं, अजून एकदा. अकराव्या वेळी आलं. म्हणताना मला खरोखरच हसू आलं, मायेचं, आणि ते आवाजात उतरलं. काचेपलीकडच्याने दोन्ही अंगठे वर केले. तेव्हा दहाला दहा कमी होते.

खणातून फोन काढला. भाचीचे सात फोन येऊन गेलेले, आणि एक निरोप, नऊ वाजून चार मिनिटांनी आलेला: ‘आधीच्या पेशंटला ताप आलाय. आईला लवकर आत घेतायत. कुठे आहेस?’

रिक्षात बसले तेव्हाही मी स्वतःला समजावत होते, की ठीक आहे, बाहेर आली की बोलू.

भाची बाकावर बसली होती, मांडीवर ताईची शाल घडी करून. मला बघून उठली नाही. म्हणाली, “सव्वानऊला नेलं. दारापर्यंत फोन हातात धरला होता तिने. नर्सने काढून घेतला.”

मी म्हटलं, “होईल गं सगळं नीट. गाठ कुठे आहे, आता तरी सांग.”

तेव्हा तिने सांगितलं. घशात आहे. गाठ नुसती निघत नाही, तिच्याबरोबर स्वरयंत्र काढावं लागतं. सगळं. ताई जगेल, डॉक्टरांना खात्री आहे. बोलणार मात्र नाही.

“कधीपर्यंत?” मी विचारलं. मी असं खरंच विचारलं.

भाचीने मांडीवरची शाल उलगडून पुन्हा घडी केली. मग म्हणाली, तीन आठवडे आई रोज थोडंच बोलायची. दुखायचं म्हणून नाही, पुरवून ठेवायची. म्हणायची, मावशी आली की लागेल.

मला काही समजेना. त्या नऊ सेकंदांत सगळं होतं आणि काकांना ते तीन वेळा ऐकून कळलं. मी अकरा वेळा ऐकलं. मग मी काय ऐकलं? बाकावर बसून मी तो निरोप पुन्हा लावायला गेले आणि लावता आला नाही. मला माझी लाज वाटली. दुःखाआधी लाज वाटली, हेही लिहून ठेवते.

भाचीला विचारलं, तिला काय बोलायचं होतं? ती म्हणाली, मला नाही माहीत. मावशी आली की तू बाहेर जा आणि दार लावून घे, असं सांगितलं होतं तिने.

९ फेब्रुवारी, सोमवार

संचालिकाबाईंचा प्रस्तावनेसाठी फोन. मुलं थांबली आहेत. दुपारी बसून लिहिलं. नायक मानी होता, उतावळा होता, आपलं मत त्याला माणसापेक्षा प्यारं होतं. मग लिहिलं, त्याला कायम वाटत राहिलं की अजून वेळ आहे. हा दोष परीक्षेत लिहितात की नाही माहीत नाही. काकांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ठेवा. मार्क जातील, पण ठेवा.” ताईचं त्यांनी काही विचारलं नाही, मीच सांगितलं. मग म्हणाले, “उद्या जाताय ना?”

जायचं ठरलंय. पण जाऊन काय म्हणू? चौदा महिने मी तिच्याकडून जे दोन शब्द मागत होते ते आता मला म्हणायचे आहेत, आणि ते म्हणायची पट्टी कुठली, तेच सुचत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चारला गेले. ताईच्या गळ्याभोवती पांढरी पट्टी, मधोमध नळी. चेहरा तोच, जरा लहान झालेला. मला बघितलं आणि हाताने खुर्ची दाखवली. भाची उठून बाहेर गेली आणि जाताना तिने दार लावून घेतलं.

काय म्हणायचं ते मी रिक्षात घोकलं होतं. जन्मात पहिल्यांदा आधी तयारी करून गेले होते. तोंड उघडलं आणि नुसतं “ताई, माझं चुकलं गं” एवढं आलं, तेही फाटक्या आवाजात. तिने मान हलवली. हो म्हणाली की असू दे म्हणाली, ते कळलं नाही. मग तिने माझा हात धरला आणि खूप वेळ तसाच ठेवला. तिचा हात गरम होता.

शेवटी मी विचारलंच. “तुला मला काय सांगायचं होतं?”

उशाशी पुसता येते ती पांढरी पाटी होती. तिने ती मांडीवर घेतली. लिहायला वेळ लागला, हाताला सुई होती. अक्षर अजून शाळेतलंच, गोल, प्रत्येक शब्दामागे बोटभर जागा. पाटी माझ्याकडे वळवली.

‘काही नाही. नुसतं तुझ्याशी बोलायचं होतं.’

मी वाचलं. मनातल्या मनात वाचलं, मोठ्याने वाचवेना. तिने पुसायला फडकं उचललं, तर मी पाटी दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले. ताई वाट बघत राहिली. मग सलाईन बघायला नर्स आली, ती म्हणाली, “द्या ना त्यांना. काही हवं असलं तर त्यांनी लिहायचं कुठे?”

खरं होतं. मी पाटी दिली.